फायबरच्या होडीच्या डेकवर पाणी साचतंय : मागची भोकं मोठी करू की आणखी काही?

तारामुंबरी

नमस्कार मंडळी. देवगडच्या खाडीत माझी आणि धाकट्या भावाची साडेसहा मीटरची फायबरची होडी आहे. जाळी टाकायला खाडीच्या तोंडापर्यंत आणि हवा बरी असली तर थोडं बाहेरही जातो. होडीला पूर्ण डेक आहे. डेकचा सपाट भाग साधारण ४ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद, भोवती गुडघ्याएवढा कठडा. पाणी जायला मागच्या फळीत डेकच्या पातळीला दोन भोकं आहेत, उजवीकडे एक, डावीकडे एक, दोन्ही एकेक इंचाची.

जुनं दोन स्ट्रोक इंजिन होतं तोवर तक्रार नव्हती. आता तेवढ्याच ताकदीचं चार स्ट्रोक बसवलं, ते बरंच जड आहे. तेव्हापासून मागे दोघे जण उभे राहिले की भोकांतून पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येतं. बसवणाऱ्याने सांगितलं, लाकडी बुचं मारून टाका. मारली. पण लाट आत आली किंवा जाळं ओढताना पाणी आलं की ते तिथेच राहतं. मागच्या उजव्या कोपऱ्यात तर मासळीचे क्रेट पाण्यात उभे असतात.

भोकं दोन इंचांची करावीत का? झडप बसवावी का? की सरळ बॅटरीवरचा पंप लावावा? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सविस्तर सांगावं.

जुना चीफ

सगळ्यात आधी बुचांबद्दल, बाकीचं नंतर. समुद्रात असताना ती बुचं काढा. बूच मारलेलं भोक बाहेरचं पाणी अडवतं हे खरं, पण आत आलेल्या पाण्याची एकुलती एक वाट तेच बंद करतं. भोकातून येणारं पाणी थोडं थोडं येतं आणि बाहेरच्या पातळीला आलं की थांबतं. लाट कठड्यावरून येते तेव्हा एका दमात शेकडो लिटर येतं.

तुमच्या डेकचाच हिशेब घ्या. ४ गुणिले १.६, म्हणजे ६.४ चौरस मीटर. त्यावर १० सेंटिमीटर पाणी साचलं तर ६४० लिटर, समुद्राचं पाणी असल्याने वजन साधारण ६५५ किलो. एवढ्या वजनाची माणसं एकदम होडीत चढली तर तुम्ही त्यांना बसून घ्यायला सांगाल. पाणी बसून घेत नाही. होडी उजवीकडे झुकली की सगळं उजवीकडे धावतं आणि तिला आणखी झुकवतं. भरलेली परात दोन्ही हातांनी उचलून चालताना जे होतं तेच. होडीचा तोल बिघडवण्याची या मोकळ्या पाण्याची ताकद त्याच्या रुंदीच्या घनाबरोबर वाढते. म्हणजे रुंदी दुप्पट झाली तर परिणाम आठपट. उलट, डेकच्या मधोमध लांबीला एक उभी फळी लावून पाण्याचे दोन भाग केले तर परिणाम चौथ्या हिश्श्यावर येतो. मात्र मग दोन्ही भागांना स्वतंत्र निचरा हवा.

आता भोकांचा हिशेब. १० सेंटिमीटर पाणी उभं असताना एक इंची भोकातून मिनिटाला साधारण २५ लिटर जातं. पाणी उतरत जातं तसा जोरही कमी होतो. त्यामुळे तुमच्या दोन भोकांतून ते ६४० लिटर जायला जवळपास २५ मिनिटं लागतील, तीही भोकं स्वच्छ असतील आणि बाहेरची पातळी डेकच्या खाली असेल तर. दोन इंची भोकाचं क्षेत्रफळ दुप्पट नसतं, चौपट असतं. दोन भोकं दोन इंचांची केलीत तर तेच काम सहा-साडेसहा मिनिटांत होईल. म्हणून एक इंच बारीकच आहे, यात शंका नको.

पण तुमचा मूळ रोग भोकाच्या मापाचा नाही. डेक पाण्याच्या किती वर आहे, हा आहे. डेक बाहेरच्या पाण्याखाली गेला तर भोक केवढंही करा, पाणी आतच येणार. त्यामुळे आधी मापं द्या. भोकाच्या खालच्या कडेपासून पाण्याच्या रेषेपर्यंत किती अंतर आहे : होडी रिकामी असताना, मागे दोघे असताना, आणि मासळी-बर्फ भरलेला असताना. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी कुठे ठेवता तेही लिहा.

नाखवा आबा

अरे झिला, चीफसायब बोलतत ता बरोबर आसा. भोक मोठा करूच्या आदी होडी भरलेली आसताना बघ. मासळी घेवन येतंस तेवा मागच्या फळयेर पाणी खंय लागता थंय पेंटान खूण कर. धक्क्याक बांदलेली रिकामी होडी बघून काय एक कळाचा नाय. आनी उजव्याच कोपऱ्यात पाणी रवता म्हणतंस, तर त्या बाजूक काय वजान आसा ता आदी शोद.

तारामुंबरी

चीफसाहेब, आबा, आभारी आहे. काल संध्याकाळी भरती स्थिरावल्यावर भावाला घेऊन मापं घेतली.

रिकामी होडी, इंजिन खाली सोडलेलं : भोकाची खालची कड पाण्याच्या ६ सेंटिमीटर वर. मागे आम्ही दोघे उभे : कड पाण्याच्या १ सेंटिमीटर खाली. भरलेल्या होडीचं माप पुढच्या फेरीला घेतो.

बॅटरी मागे उजव्या कोपऱ्यात आहे. २५ लिटरची पेट्रोलची टाकीही तिच्याच शेजारी, कारण नळी तेवढीच लांब होती. आबा, उजव्या कोपऱ्याचं उत्तर बहुतेक तुमच्या प्रश्नातच आहे.

जुना चीफ

उत्तर सापडलं असं समजा. ही दोन वजनं मधल्या रेषेवर आणि होडीच्या निम्म्याच्या थोडी पुढे न्या. नळी आणि केबल लांब घ्याव्या लागतील. केबल लांब केली की तिची जाडीही वाढवा, नाहीतर स्टार्टरला पुरेसा प्रवाह पोचणार नाही. बॅटरीला झाकणाचा डबा आणि पक्का पट्टा हवा. पेट्रोलची टाकी बंद कप्प्यात ठेवू नका, वाफ कोंडता कामा नये.

वजन साठ किलोच्या आसपास असेल आणि अडीच मीटर पुढे गेलं, तर या मापाच्या होडीत मागची कड दोन-अडीच सेंटिमीटर वर यावी. दिसायला थोडं वाटतं, पण तुमचा सगळा झगडा त्या तीन-चार सेंटिमीटरचाच आहे. मासळीचे क्रेटही मागे रचू नका. मधोमध किंवा किंचित पुढे रचा.

काही जण यावर दुसरा उपाय सांगतील : डेकवर लाकडी चौकट टाकून वर फायबर करा, डेकच वर घ्या. तो टाळा. त्याने होडीचं वजन वाढतं, वर माणसं आणि मासळी उंचावर जातात, कठड्याची उंची कमी होते. पाण्याचा प्रश्न सुटेल आणि तोलाचा नवा उभा राहील.

दर्यावर्दी७७

एवढी उठाठेव कशाला? आमच्याकडे पाचशे गॅलनवाला पंप आहे, फ्लोटच्या स्विचवर (पाणी चढलं की तरंगून वर येणारा स्विच) आपोआप चालतो. भोकं बंद, पंप चालू, विषय संपला.

जुना चीफ

पंप नक्की लावा, पण तो डेकखालच्या पोकळीसाठी. डेकच्या निचऱ्याचं काम त्याच्यावर टाकू नका. पाचशे गॅलन हे तासाचं माप आहे, अमेरिकन गॅलन. म्हणजे मिनिटाला साधारण ३१ लिटर. तेही बॅटरी पूर्ण भरलेली, नळी सरळ आणि पाणी वर चढवायचं नाही अशा स्थितीत. प्रत्यक्षात बरंच कमी मिळतं. म्हणजे तुमचा पंप जेमतेम एका स्वच्छ एक इंची भोकाएवढं काम करतो, आणि त्याला बॅटरी लागते, फ्यूज लागतो, गाळ आणि खवल्यांपासून जपावं लागतं. इंजिन बंद पडून होडी लाटांना आडवी झाली, की नेमक्या त्याच वेळी डेकवर पाणी येतं आणि त्याच वेळी बॅटरी दगा देते. भोकाला काही लागत नाही. पाण्याचं वजनच त्याला बाहेर काढतं. एक मोठी बादली दोरीला बांधून कायम होडीत असावी, ते वेगळंच.

करंजाची लेक

आमचं घर पिढ्यानपिढ्या मासेमारीतलं. या चर्चेत भोक तुंबण्याचा विषय फारसा आला नाही म्हणून लिहिते. चीफसाहेबांचा मिनिटाला पंचवीस लिटरचा हिशेब स्वच्छ भोकाचा आहे. मासळी निवडत असताना डेकवर काय काय असतं ते बघा : खवले, कोळंबीची डोकी, जाळ्याचे तुटलेले नायलॉनचे धागे, बर्फाच्या पिशवीचं प्लास्टिक, सुतळी. यातलं प्लास्टिक सगळ्यात वाईट. एक पातळ पिशवी भोकावर बसली की पाण्याच्या दाबानेच ती घट्ट चिकटते आणि भोक बुचाइतकं बंद होतं.

जाळी बसवायची तर भोकाच्या तोंडावर सपाट बसवू नये. तोंडावर बसवलेली जाळी स्वतःच पहिली तुंबते आणि मोकळं क्षेत्रही खाते. भोकाच्या आधी, वीतभर अलीकडे, एक आडवी जाळीची पट्टी किंवा भोकाभोवती उभा पिंजरा करावा. जाळीचं एकूण मोकळं क्षेत्र भोकाच्या कितीतरी पट असावं, म्हणजे निम्मी जाळी कचऱ्याने भरली तरी पाणी जातं. आणि ती हाताने उचलून झटकता आली पाहिजे. स्क्रूने पक्की केलेली जाळी महिनाभर कोणी उघडत नाही.

आमच्याकडे मासळी उतरवून झाली की डेक धुण्याआधी सुका कचरा हाताने गोळा करतात, मग पाणी मारतात. आधी पाणी मारलं की सगळं भोकाकडेच जातं. बर्फाचं आणि मासळीचं पाणी डेकखालच्या पोकळीत जाऊ देऊ नये. तिथे ते कुजतं, वास मारतं, आणि त्याची चिकट साय पंपाच्या फ्लोटला धरते. बर्फपेटीला स्वतःची वेगळी नळी असावी आणि ती थेट बाहेर काढावी.

फायबरवाला

मी होड्यांची फायबरची कामं करतो. तारामुंबरी दादा, भोक मोठं करायचं ठरलं तर काम कसं करायचं ते सांगतो, कारण होड्या सडतात त्या बहुधा अशाच भोकांपासून.

बहुतेक होड्यांत मागची फळी नुसत्या फायबरची नसते, आत प्लायवूड असतो. इंजिनाचं वजन आणि जोर तोच घेतो. ड्रिल घालून भोक पाडलं की प्लायवूडची कड उघडी पडते. वरून कितीही सीलंट लावा, दोन पावसाळ्यांत पाणी त्या कडेतून आत शिरतं आणि लाकूड आतून काळं पडून भुसा होतं. बाहेरून काही दिसत नाही. मग एक दिवस इंजिनाचे बोल्ट आत रुततात. तुमच्या जुन्या एक इंची भोकात बोट घालून बघा. लाकूड मऊ किंवा ओलं लागलं तर आधी फळीचं काम, मग निचरा. लाकडी दांड्याने फळी ठोकूनही कळतं. निरोगी फळी टणक वाजते, सडलेली बद्द वाजते.

फळी चांगली असेल तर असं करा. हवं त्या मापापेक्षा भोक सगळीकडून जवळपास १ सेंटिमीटर मोठं पाडा. कड पूर्ण सुकू द्या. घाई असेल तर हॅलोजनचा दिवा लावून ठेवा. मग प्लायवूडच्या कडेला आधी पातळ इपॉक्सी पाजा, ते शोषलं गेलं की वर भुकटी घालून घट्ट केलेलं इपॉक्सी भरा. पूर्ण कडक झाल्यावर त्यात नेमक्या मापाचं भोक पाडा. आता भोकाची भिंत इपॉक्सीची झाली, लाकडाला पाणी भेटणारच नाही. जुन्या फायबरवर पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सीच चांगलं धरतं. मात्र त्यावर पुन्हा पॉलिएस्टरचा जेलकोट (होडीचा बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर) मारायला जाऊ नका, तो नीट सुकत नाही. इपॉक्सीवर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग द्या.

नळीसाठी हार्डवेअरच्या दुकानातली पांढरी पीव्हीसी नळी वापरू नका. उन्हात ठिसूळ होते आणि रेझिन तिला धरत नाही. तीच नळी साचा म्हणून वापरा. तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकची फिल्म गुंडाळा, वर मॅट (काचतंतूंचं कापड) आणि रेझिनचे तीन-चार थर गुंडाळा, कडक झाल्यावर आतली नळी ओढून काढा. तुमची स्वतःची फायबरची नळी तयार. ती भोकात इपॉक्सीने बसवली की होडीचाच भाग होते.

तयार फिटिंग घेणार असाल तर साधं पितळ नको. समुद्राच्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं, धातू तांबूस आणि ठिसूळ होतो, हाताने तुटतो. गनमेटल (कांशाचा एक प्रकार) घ्या किंवा ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील. पाण्याच्या रेषेच्या खाली सतत बुडणाऱ्या जागी मी गनमेटलच पसंत करतो, कारण सीलंटखाली हवा न मिळालेलं स्टील फटीत गंजतं. काचतंतू घातलेलं नायलॉनचं फिटिंगही चांगलं, पण स्वस्तातलं साधं प्लास्टिक नको. सीलंट पॉलियुरेथेनचं. व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन इथे चालत नाही, ते सोलून निघतं आणि नंतर त्या जागी दुसरं काही चिकटत नाही.

एक गोष्ट सगळे विसरतात. भोकाची खालची कड डेकच्या पातळीच्या किंचित खाली हवी. वर राहिली तर तेवढं पाणी कायम साचून राहणार. फिटिंगच्या आतल्या कॉलरची जाडी ३-४ मिलिमीटर असते, म्हणून डेकमध्ये तेवढी खाच करून कॉलर आत बसवा.

तारामुंबरी

फायबरवाला भाऊ, हे छापून होडीत लावतो. बोट घालून बघितलं, लाकूड टणक लागलं, देवाची कृपा. आता झडपेबद्दल सांगा. बाजारात तीन प्रकार दिसतात : बाहेरून रबराचा पडदा, आत चेंडू असलेली, आणि बदकाच्या चोचीसारखी रबरी. यातली कुठली घेऊ?

फायबरवाला

तुमच्या कामाला रबराचा पडदा. वरून बिजागरासारखा धरलेला, खालून मोकळा. आतून पाणी आलं की उघडतो, बाहेरून दाब आला की बसतो. तुटला तर ट्यूबचा तुकडा कापून धक्क्यावरच नवा करता येतो. चेंडूवाल्यात खवला किंवा वाळूचा कण अडकला की चेंडू नीट बसत नाही, आणि मासेमारीच्या होडीत खवला अडकणारच. चोचवाली शांत पाण्यात छान चालते, पण उन्हाने रबर कडक झालं की उघडायला जोर मागते आणि थोडं पाणी कायम आत राहतं.

एक समजून असा. यातली कुठलीही झडप पूर्ण पाणबंद नसते. लाटेचा फटका अडवते, आत येण्याचा वेग कमी करते. होडी रात्रभर डेक पाण्याखाली ठेवून उभी केलीत तर झडपेतून पाझरणारच. म्हणून चीफसाहेबांनी सांगितलेलं वजनाचं काम आधी करा, झडप त्यानंतर.

शिडाची होडी

मी शिडाच्या होड्या चालवतो, इंजिनाच्या होड्यांचा अनुभव कमी. तरी दोन गोष्टी उपयोगी पडतील. शिडाची होडी तासन्‌तास एकाच बाजूला झुकलेली असते, त्यामुळे झुकलेल्या बाजूचं भोक पाण्याखाली जातं आणि तिथून पाणी वर येतं. म्हणून जुन्या शिडाच्या होड्यांत नळ्या आडव्या ओलांडून नेतात : उजवीकडची नळी डावीकडे बाहेर काढायची, डावीकडची उजवीकडे. होडी उजवीकडे झुकली की पाणी उजव्या कोपऱ्यात जमतं, पण त्याची नळी उंच झालेल्या डाव्या बाजूला उघडते. अशा नळीला उतार सलग हवा. मध्ये झोळ पडला की तिथे गाळ बसतो. पाण्याच्या रेषेखालच्या प्रत्येक जोडावर दोन-दोन स्टीलच्या क्लिपा आणि बाहेर पडण्याच्या जागी बंद करता येणारा कॉक (तोटी) हवा.

दुसरं, इंजिनाच्या होडीला जास्त लागू. वेगात असताना मागच्या फळीमागे पाणी खोल जातं, त्यामुळे मागची भोकं जोरात पाणी ओढून काढतात. डेक भरला असेल आणि इंजिन चालू असेल तर पुढे बघून सावकाश वेग घ्या, निचरा लवकर होतो. पण वेगातून एकदम थ्रॉटल सोडू नका. आपलीच मागची लाट होडीला गाठते आणि भोकांतून, कधी फळीवरूनही, आत येते.

दर्यावर्दी७७

चीफसाहेब, पंपाचा हिशेब पटला. आमची मोठी लाकडी होडी आहे, चांगला उंच कठडा आहे. तिथे डेकच्या भोकांऐवजी कठड्यातच खिडक्या ठेवतात. काही जण त्या फळ्या ठोकून बंद करतात, कारण मासळी वाहून जाते. ते बरोबर का?

जुना चीफ

नाही, अजिबात बरोबर नाही, आणि याबद्दल मला पोटतिडकीने लिहावंसं वाटतं. भोक हे रोजच्या पाण्यासाठी : धुण्याचं, पावसाचं, शिंतोड्यांचं. कठड्यातल्या खिडक्या अख्खी लाट आत आल्यावर ती काही सेकंदांत परत टाकण्यासाठी. दोन्ही हव्यात, एकीचं काम दुसरी करत नाही. तारामुंबरी यांच्याच डेकला दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर उंच अशी एकेक फट असती, तर ते ६४० लिटर मिनिटभरात गेलं असतं.

मोठ्या जहाजांसाठी १९६६ चा आंतरराष्ट्रीय लोड लाइन करार आहे, म्हणजे जहाज किती खोलवर भरायचं याचे नियम. मासेमारीच्या होड्यांना तो लागू नाही, पण त्यातली समज आपण घेऊ शकतो. १० मीटर लांबीच्या खोलगट डेकला तो प्रत्येक बाजूला १.०५ चौरस मीटर मोकळी जागा मागतो. खिडकीची खालची कड डेकच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची. डेकची रेषा जिथे सगळ्यात खाली येते त्याच्या जवळच्या अर्ध्या भागात एकूण जागेचा दोन तृतीयांश भाग ठेवायचा, कारण पाणी तिथेच जमतं. माणूस बाहेर जाऊ नये म्हणून आडव्या सळया लावायच्या, पण त्यांच्यात २३० मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवायचं. झाकण लावलंच तर ते अडकणार नाही इतकी मोकळीक ठेवायची आणि बिजागराची खीळ न गंजणाऱ्या धातूची करायची.

मासळी वाहून जाते हे मान्य. त्याला उपाय म्हणजे खिडकीच्या आत उभ्या पट्ट्यांची काढता येणारी जाळी किंवा मासळीसाठी डेकवर फळ्यांचे कप्पे. कप्प्यांच्या फळ्यांखालीही पाण्याला फट हवी.

उलट बाजूची एक गोष्ट. इंग्लंडच्या हल बंदराचा गॉल नावाचा मोठा ट्रॉलर फेब्रुवारी १९७४ मध्ये बॅरेंट्स समुद्रात ३६ माणसांसह बुडाला. पुन्हा उघडलेल्या चौकशीचा निष्कर्ष २००४ मध्ये आला : मासळीचा टाकाऊ भाग बाहेर सोडायच्या मार्गांची झाकणं उघडी राहिली आणि तिथून आतल्या डेकवर पाणी शिरलं. उघड्या डेकला वाट मोकळी हवी, आणि आतल्या बंद जागेकडे जाणारी प्रत्येक वाट बंद हवी. तुमच्या होडीत डेकवरच्या पोकळीच्या झाकणाचं रबर तपासा. डेक कितीही चांगला निचरत असला, तरी ते झाकण गळत असेल तर पाणी खाली साठत राहतं, होडी बसत जाते आणि एक दिवस डेकची भोकं पाण्याखाली येतात.

नाखवा आबा

लाकडाच्या होडयेचा सांगतंय. आमच्या वडलांच्या वेळाक भोकाच्या आतसून शिशाचो पत्रो वाकवन बसयत, दोनय बाजूंका ठोकून कड मुडपत. लाकडाच्या तोंडात पाणी जायत नसा. आता शिसां कोण वापरणा नाय, पण लाकडाचा तोंड झाकूक व्हया ता आजय तसाच आसा. उघडा तोंड ठेवशात तर थंयसूनच कुसाक सुरुवात.

तारामुंबरी

ताजी माहिती देतो. बॅटरी आणि टाकी पुढे नेली. रिकाम्या होडीत भोकाची कड पाण्याच्या साडेआठ सेंटिमीटर वर आली, मागे दोघे उभे राहिले तरी दीड सेंटिमीटर वर राहते. चीफसाहेबांचा अंदाज तंतोतंत उतरला. उजवीकडचा कलही गेला.

भोकं दोन इंचांची केली, फायबरवाला भाऊंनी सांगितल्याप्रमाणे इपॉक्सीची भिंत, घरी केलेली फायबरची नळी आणि बाहेरून रबराचा पडदा. ताईंच्या सल्ल्याने आत उचलता येणारा पिंजरा ठेवला. धक्क्याला बांधून डेकवर पाणी भरून बघितलं, पडदे उघडून सरळ जातं. कोपऱ्यात बोटभर पाणी राहायचं तेही नाही.

भरलेल्या होडीत मात्र, मासळी आणि बर्फ मिळून दोनशे किलोच्या वर गेलं आणि दोघे मागे आलो, तर कड पाण्याला टेकते. पडदा तेवढं अडवतो. क्रेट पुढे रचायची सवय आता लावून घेतोय.

शेवटचा प्रश्न. १ जूनपासून बंदी, होडी दोन महिने वर काढून ठेवणार. पावसाळ्यात भोकं उघडी ठेवायची की बंद?

करंजाची लेक

उघडी. आणि पडदेसुद्धा काढून घरात ठेवा, उन्हापावसात रबर फुकट जातं. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, विटांवर थोडी उचलून ठेवा म्हणजे सगळं पाणी मागे जाईल. तळाचं बूच काढा आणि ते चावीच्या जुडग्याला बांधा, म्हणजे होडी पाण्यात सोडताना विसरणार नाही. आपल्याकडे एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडणं नवलाचं नाही. तुमच्या डेकवर तो १,२८० लिटर होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, त्याचे सहा हजार लिटर झाले असते. होडी जमिनीवर असताना हे वजन पाण्याने उचललेलं नसतं, सगळं तळाच्या टेकूंवर येतं आणि फायबरला तडे जातात.

वरून झापांनी शाकारणार असाल तर उत्तम, हवा खेळती राहते. ताडपत्री टाकणार असाल तर मधोमध लांब बांबू घालून दोन्हीकडे उतार द्या. सपाट ताडपत्रीत झोळ पडून तिथेच तळं होतं. आणि पाऊस चालू असताना दर आठ-पंधरा दिवसांनी जाऊन भोकांत काठी फिरवा. झावळ्यांचा कचरा, पाखरांची घरटी, कधी खेकडेही जाऊन बसतात.

फायबरवाला

ताईंच्या म्हणण्यात एक भर. टेकू तळाच्या मधल्या कण्याखाली आणि आतल्या आडव्या फळ्या जिथे आहेत तिथेच द्या, मधल्या मोकळ्या फायबरखाली नको. इंजिन उतरवून घ्या. आणि जुलैच्या शेवटी होडी खाली नेण्याआधी इपॉक्सीच्या भिंतीवर नखाने दाबून, फिटिंगभोवती केसाएवढी भेग दिसते का ते बघा. दिसली तर फोटो इथे टाका.